'इत्यादी'मधील एक ओळ

मराठीच्या अध्यापकाने संगणकाच्या कार्यप्रणालीविषयी लिहावे, याला थोडे स्पष्टीकरण हवे. आपल्या विभागांमधून संगणक अजूनही बहुतांशी टंकलेखनाचे सुधारलेले यंत्र म्हणूनच वावरतो. त्याच्या पोटात काय चालते हे 'लॅबवाल्यांचे' काम, अशी आपली सोयीस्कर वाटणी आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तांत्रिक मार्गदर्शनाचा नाही. मात्र घडले ते समजण्यापुरते तंत्र त्यात येणे अपरिहार्य आहे. जून २०२५मध्ये आमच्या विभागातील एका संगणकाची कार्यप्रणाली मला हाताने अद्ययावत करावी लागली. नवी आवृत्ती आपोआप समोर यायला हवी होती, ती येत नव्हती. ती का येत नाही याचा शोध घेताना आणि पुढे ती बसवताना जे प्रश्न उभे राहिले, ते पाठचिकित्सेच्या तासाला मी गेली अनेक वर्षे विद्यार्थ्यांपुढे मांडत आले आहे, तेच होते. फरक इतकाच की, या वेळी उत्तर फळ्यावर लिहून भागणार नव्हते.

हा संगणक 'उबुंटू' या मुक्त प्रणालीवर चालतो. आमच्या विभागात ती आणली ती आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी. त्यांचा उल्लेख इथे 'सर' एवढाच करते. विभागात 'सर' म्हटले की आजही त्यांचेच नाव समजले जाते. २००७च्या सुमारास त्यांच्या पत्त्यावर परदेशातून एक पाकीट आले आणि त्यातून चकत्या निघाल्या. उबुंटूमागील कॅनॉनिकल ही कंपनी २००५ ते २०११ या काळात मागेल त्याला टपालाने विनामूल्य सीडी पाठवीत असे. 'उबुंटू' हा दक्षिण आफ्रिकेतील झुलू आणि खोसा भाषांमधला शब्द. माणूसपण, इतरांमुळे आपण आहोत ही जाणीव, असा त्याचा आशय. सरांना आधी शब्द आवडला, मग प्रणाली. तिच्या आवृत्त्यांची नावे तर त्यांनी अलंकार शिकवताना वापरली. ऑक्टोबर २००४मधील पहिली आवृत्ती 'वॉर्टी वॉर्टहॉग', पुढे 'फोकल फॉसा', 'जॅमी जेलीफिश', 'नोबल नंबॅट': एक विशेषण, एक प्राणी, आणि दोहोंचे आद्याक्षर एकच. "अनुप्रास म्हणजे काय हे ज्यांना सांगावं लागत नाही, अशी एकमेव संगणक कंपनी," असे ते म्हणत.

आवृत्ती हा शब्द आपल्याला ग्रंथव्यवहारातून परिचित आहे, आणि इथेही तो चपखल बसतो. संगणकावर रोज-आठवड्याने येणारे 'अपडेट' हे ग्रंथाला जोडलेल्या शुद्धिपत्रासारखे असते. आवृत्ती तीच, त्यातील दोष तेवढे दुरुस्त. 'अपग्रेड' म्हणजे मात्र नवी आवृत्ती: नवी जुळणी, काही प्रकरणे गाळलेली, काही नव्याने घातलेली. उबुंटूच्या आवृत्त्या दर सहा महिन्यांनी निघतात आणि त्यांचा क्रमांक हाच त्यांचा प्रकाशनकाल असतो, २०.०४ म्हणजे २०२०चा एप्रिल. यांतील दर दोन वर्षांनी निघणारी एक आवृत्ती 'दीर्घ आधारा'ची असते. तिला पाच वर्षे शुद्धिपत्रे मिळत राहतात. संस्था, कार्यालये, महाविद्यालये साधारणतः हीच वापरतात.

नवी आवृत्ती निघाली की ती सर्वांच्या पडद्यावर त्याच दिवशी झळकते, असा एक समज आहे. तसे होत नाही, आणि तसे न होण्यामागे विचार असतो. एका दीर्घ आधाराच्या आवृत्तीवरून पुढच्या तशाच आवृत्तीवर जाण्याचे आमंत्रण नव्या आवृत्तीची पहिली सुधारलेली प्रत निघाल्यावरच दिले जाते. २४.०४ ही एप्रिल २०२४मध्ये आली; तिची सुधारलेली प्रत आली ती ऑगस्टच्या अखेरीस. त्यानंतर बढतीचा मार्ग खुला झाला आणि थोड्याच दिवसांत, त्यात एक गंभीर दोष आढळल्याने, तात्पुरता बंदही करण्यात आला. दुरुस्ती झाल्यावर तो पुन्हा उघडला. म्हणजे ज्याच्या पडद्यावर त्या काळात काहीच येत नव्हते, त्याच्याकडे दुर्लक्ष झालेले नव्हते. कोणीतरी दार मुद्दाम धरून उभे होते.

आमच्या संगणकाची गोष्ट वेगळी होती. त्यावर २०.०४ होती. तिच्यानंतरच्या दोन दीर्घ आवृत्त्या येऊन स्थिरावल्या होत्या आणि तिचा स्वतःचा सर्वसाधारण आधार मे २०२५अखेर संपला होता. तरीही नव्या आवृत्तीची सूचना कधी आलीच नव्हती. नोंदणी करून जुन्याच आवृत्तीला आणखी काही वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळवण्याची सोय असते, आणि आम्ही तो मार्ग पत्करलाही असता. पण विभागाने घेतलेला नवा स्कॅनर जुन्या आवृत्तीला ओळखेना, आणि स्कॅनरवाचून आमचे काम अडले होते.

ते काम म्हणजे जात्यावरच्या ओव्या. १९९०च्या दशकापासून आमच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावांतून, आजीकडून, आत्याकडून, शेजारणीकडून ओव्या उतरवून आणल्या. या क्षेत्रात हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी उभे केलेले काम डोंगराएवढे आहे. त्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. आमचा संग्रह त्यापुढे अगदीच लहान, दोन-तीन तालुक्यांपुरता. पण त्यातील कितीतरी सांगणाऱ्या आता हयात नाहीत आणि त्या गावांतली जातीही बहुतेक ठिकाणी परसात उलटी पडली आहेत. सरांनी या संग्रहाची शब्दसूची करायला घेतली. कोणता शब्द कोणत्या ओवीत, कोणत्या गावच्या, कोणाच्या तोंडून आला, अशी. २०१९मध्ये निवृत्त झाल्यावरही ते आठवड्यातून तीन दिवस विभागात येत, कोपऱ्यातल्या त्या संगणकापुढे बसत. २०२३च्या पावसाळ्यात ते गेले. सूची अपुरी राहिली. काही वह्या अजून संगणकावर चढलेल्याच नव्हत्या. शाई उडत चाललेल्या त्या वह्यांसाठी स्कॅनर हवा होता.

महाविद्यालयातील संगणक पाहणाऱ्या तरुण तंत्रज्ञांना मी विचारले. त्यांचे उत्तर सरळ होते. "मॅडम, फॉरमॅट मारतो आणि नवीन टाकून देतो. अर्ध्या तासाचं काम. तुमच्या फाइली तेवढ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवा." त्यांच्या बाजूने हे बरोबरच होते. दहा विभागांचे संगणक सांभाळणाऱ्या माणसाला प्रत्येक यंत्राचा इतिहास कसा परवडावा? पण 'तुमच्या फाइली' या दोन शब्दांत त्या संगणकावरचे सगळे मावत नव्हते. ओव्या मावत होत्या. सरांनी त्या ओव्यांसाठी यंत्राला लावलेले वळण मावत नव्हते, आणि ते कुठे कुठे लावले आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. "आहे त्यावरच पुढची आवृत्ती चढवता येईल का?" असे मी विचारले. "येईल की. पण तो ऑप्शनच दाखवत नाहीये. हाताने करावं लागेल." मग त्यांनी मला आज्ञावलीची काळी खिडकी उघडून दिली, दोन गोष्टी समजावल्या, आणि "अडलं तर हाक मारा" म्हणून ते परीक्षा विभागाकडे गेले.

हाताने करायचे म्हणजे यंत्राला स्पष्ट शब्दांत विचारायचे: नवी आवृत्ती आहे का? त्यासाठीची आज्ञा इंग्रजीत अगदी सरळ आहे, 'डू रिलीज अपग्रेड'. तिने दिलेले उत्तरही सरळ होते. अमुक फाइलीत सूचनेचे मूल्य 'नेव्हर' असे ठेवलेले आहे, सबब पुढे जाता येत नाही. म्हणजे नवी आवृत्ती येत नव्हती ती वाट चुकल्यामुळे नव्हे. तिला येऊ नको असे सांगण्यात आले होते.

ती फाइल ज्या फोल्डरात आहे त्याचे नाव तीन रोमन अक्षरांचे: ई, टी, सी. युनिक्सच्या जुन्या परंपरेतून ते आले आहे आणि 'एट सेटेरा'चे ते संक्षिप्त रूप आहे. मराठीत 'इत्यादी'. ज्यांना दुसरीकडे जागा नव्हती अशा गोष्टी प्रारंभी तिथे ठेवीत; पुढे यंत्राच्या साऱ्या पसंती-नापसंतीचे ते घर झाले. या 'इत्यादी'तल्या त्या छोट्या फाइलीत तीन पर्याय समजावून दिलेले असतात. 'नेव्हर': नव्या आवृत्तीची चौकशी करू नये, तीवर जाऊही देऊ नये. 'नॉर्मल': लगतची कोणतीही नवी आवृत्ती चालेल. 'एलटीएस': फक्त दीर्घ आधाराची. आमच्या फाइलीत पहिला पर्याय होता आणि त्याच्या वर, हॅशचे चिन्ह देऊन, देवनागरीत एक ओळ होती:

"सूची पूर्ण होईपर्यंत नको. क्रम हलतो. मग बदलावे."

पुढे जानेवारी २०२१मधली तारीख आणि सरांच्या नावाची आद्याक्षरे.

हॅशने सुरू होणारी ओळ यंत्र वाचत नाही. तिला टीप म्हणतात, आणि ती केवळ माणसासाठी असते. यंत्राला 'नेव्हर' एवढा शब्द पुरेसा होता. मग ही ओळ कोणासाठी? पुढे कधीतरी, आपोआप काही होत नाही म्हणून, हाताने इथवर येणाऱ्या कोणासाठी तरी. हस्तलिखिताच्या समासात मागच्या लेखकाने पुढच्यासाठी सोडलेली खूण आपण कितीदा पाहिलेली असते. ती खूण ओळखीच्या माणसाची निघाली की वाचन अवघड होते.

'क्रम हलतो' या दोन शब्दांचा अर्थ लावायला मला वेळ लागला. सूची म्हणजे अकारविल्हे लावलेले शब्द. हा क्रम यंत्र लावते, आणि कोणते अक्षर कोणत्या अक्षरानंतर, याचे नियम कार्यप्रणालीच्या पोटातील एका ग्रंथालयात लिहिलेले असतात. 'जीलिबसी' हे त्या ग्रंथालयाचे नाव. ऑगस्ट २०१८मध्ये निघालेल्या त्याच्या २.२८ या आवृत्तीत जगभरच्या भाषांसाठीचे हे नियम मोठ्या प्रमाणावर बदलण्यात आले. उबुंटूच्या १८.०४मध्ये जुने नियम होते, २०.०४मध्ये नवे. मराठीला क्रमाचा प्रश्न नवा नाही. क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी घ्यावेत की क आणि ज यांच्या पोटात, अनुस्वारयुक्त अक्षर आधी की मागून, याविषयी कोशकारांत एकवाक्यता नाही. सरांनी १८.०४वरून २०.०४वर जाताना आपली सूची हललेली पाहिली असणार. त्यांच्या मेजाच्या खणात त्या काळातील दोन छापील याद्या सापडल्या. एकीवर 'जुना क्रम', दुसरीवर 'नवा क्रम', आणि दोहोंत सरकलेल्या शब्दांभोवती तांबड्या पेन्सिलीच्या खुणा. एकदा हा अनुभव आल्यावर सूची संपेपर्यंत पायाखालची जमीन स्थिर ठेवण्याचे त्यांनी ठरवले, एवढाच त्या 'नको'चा अर्थ होता.

सूची इतकी लांबण्याचे आणखी एक कारण होते, आणि तेही अक्षरांचेच. 'वाऱ्या' या शब्दातील 'ऱ्य' हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी घडवता येते: एकदा नुक्ता असलेल्या र-पासून, एकदा साध्या र-ला एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ते दोन निराळे शब्द आहेत. तसेच 'ॲ'चे. हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आले ते ५.१ या आवृत्तीत, २००८ साली. त्याआधी टंकलिखित केलेल्या मजकुरात ते अ-ला वर चंद्र जोडून साधलेले असते, आणि नव्या अक्षराने शोधले तर जुने सापडत नाही. त्याआधीच्या वह्या तर युनिकोडपूर्व टंकांमध्ये उतरवलेल्या होत्या. मूळ टंक नसेल तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी. या तीन थरांतून एकच 'वारी' एका नोंदीखाली आणायची, हे सरांचे अखेरच्या वर्षांतले काम होते. बाहेरून पाहणाऱ्याला ते गृहस्थ ओव्या 'टाइप' करीत बसले आहेत असे वाटे.

आता पेच असा होता. सूची पूर्ण होईपर्यंत नवी आवृत्ती घ्यायची नाही, अशी त्यांची सूचना. आणि नवी आवृत्ती घेतल्याशिवाय उरलेल्या वह्या संगणकावर येणार नाहीत, म्हणजे सूची पूर्ण होणार नाही. ज्याला विचारावे तो माणूस नाही. त्यांनी सांगितलेले अक्षरशः पाळले असते तर त्यांचेच काम कायमचे थांबले असते. तंत्रज्ञांचा सल्ला मानला असता तर ती ओळ कोणाच्या दृष्टीसही न पडता पुसली गेली असती, आणि तिच्याबरोबर तिच्यामागचे कारणही.

परंपरेकडे वळणे हा आपला व्यवसायधर्मच आहे. शके १५०६मध्ये, म्हणजे इ. स. १५८४च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. मधल्या तीनशे वर्षांत लेखकांच्या हातून शिरलेले भेद त्यांनी निवडून काढले. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९मध्ये एक निराळी प्रत प्रसिद्ध केली. ती एकनाथपूर्व आहे असे त्यांचे म्हणणे होते आणि तिच्या अस्सलपणाविषयी नंतर बराच वाद झाला. वर्गात आपण हे 'एकनाथांची प्रत' आणि 'राजवाड्यांची प्रत' असे दोन खाने करून शिकवतो. पण प्रत्येक शोधकापुढे मूळ प्रश्न एकच असतो. माझ्या हाती आले त्यातले काय हेतुपूर्वक आहे आणि काय केवळ साचलेले? जो हे विचारत नाही, तो एकतर सारेच ठेवतो किंवा सारेच टाकतो. सरांच्या ओळीत हेतू आणि कारण दोन्ही स्पष्ट होते. कारणाचे रक्षण करता आले तर शब्द बदलायला हरकत नव्हती, असे मी ठरवले. त्यांनीच 'मग बदलावे' असे लिहून ठेवले होते.

पुढील कामाला दोन दिवस लागले. ओव्यांच्या प्रती दोन वेगवेगळ्या डिस्कांवर काढल्या. सूचीचा त्या दिवशीचा क्रम एका साध्या मजकूर-फाइलीत उतरवून ठेवला. नवी आवृत्ती पेनड्राइव्हवरून, संगणकात काही न बसवता, चालवून पाहता येते; तशी चालवून मराठी मजकूर नीट दिसतो ना आणि स्कॅनर ओळखला जातो ना, हे पाहिले. मग त्या फाइलीत सरांच्या ओळीखाली माझी एक ओळ घातली, तारीख आणि आद्याक्षरांसह, आणि 'नेव्हर'च्या जागी 'एलटीएस' केले. सरांची ओळ राहू दिली. आधीच्या आवृत्तीची सर्व शुद्धिपत्रे बसवल्याशिवाय पुढच्या आवृत्तीवर जाऊ दिले जात नाही, म्हणून ती आधी बसवली. शिवाय एक पायरी गाळून उडी मारता येत नाही, २०.०४वरून आधी २२.०४ आणि तीवरून २४.०४, असाच क्रम. दोन्ही वेळा यंत्राने आधी हिशेब सांगितला, किती घटक नवे येतील, किती जातील, किती उतरवावे लागेल, आणि मगच संमती मागितली.

दुसऱ्या टप्प्यात ते मध्येच थांबले. पडद्यावर एक प्रश्न होता. 'इत्यादी'तली अमुक फाइल मुळात आली होती तशी राहिलेली नाही. तुम्ही किंवा तुमच्या एखाद्या आज्ञावलीने तीत बदल केला आहे. घटक पुरवणाऱ्यांनीही तिची नवी प्रत पाठवली आहे. काय करावे? पर्याय असे: त्यांची प्रत घ्या, तुमची प्रत ठेवा, दोहोंतील फरक दाखवा, किंवा थांबून स्वतः तपासा. काहीच न सांगता एन्टर दाबले तर तुमची प्रत राहते.

ही रीत उबुंटू ज्या 'डेबियन' या मूळ प्रकल्पातून निघाली, त्याची आहे. १९९३मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाच्या धोरणात लिहिले आहे की, वापरणाऱ्याने 'इत्यादी'तील पसंतीच्या फाइलींत हाताने केलेला बदल नव्या आवृत्तीने परस्पर पुसता कामा नये. प्रणालीच्या इतर भागांतील फाइली मात्र न विचारता बदलल्या जातात. तिथे कोणी काही लिहिले असेल तर ते वाहून जाते. सरांना हे ठाऊक असावे, कारण त्यांनी आपले हस्ताक्षर जिथे विचारले जाईल तिथेच ठेवले होते.

मी फरक दाखवायला सांगितले. वजा चिन्हाच्या ओळी आपल्या प्रतीतल्या, अधिक चिन्हाच्या नव्या प्रतीतल्या. दोन हस्तलिखितांचे पाठ शेजारीशेजारी मांडावेत तसे. फाइल होती अक्षरांच्या वळणाची, कोणत्या लिपीसाठी कोणता टंक आधी वापरावा हे ठरवणारी. वजा चिन्हे लागलेल्या सात-आठ ओळींत सरांनी मराठी मजकुरासाठी 'लोहित' हा टंक वर आणला होता आणि तिथेही टीप होती: "ल आणि श मराठी वळणाचे दिसावेत. हिंदी वळण नको." मुद्रितशोधनात याच दोन अक्षरांवरून त्यांनी कितीदा मुद्रकांशी वाद घातला होता! महाराष्ट्र शासनाने २००९मध्ये वर्णमालेविषयी निर्णय काढून ही वळणे निश्चित केली, तेव्हा त्यांनी विभागात पेढे आणले होते. 'लोहित' हा टंकही असाच घरचा. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेक, म्हणजे 'श्रीलिपी'वाले, यांनी केलेला आणि रेड हॅट या कंपनीने सर्वांसाठी मुक्त केलेला. नावाचा अर्थ 'तांबडा'.

आता निवड करायची होती. आमची प्रत ठेवली तर नव्या आवृत्तीतील चार वर्षांच्या सुधारणा त्या फाइलीपुरत्या बाहेर राहणार. त्यांची घेतली तर सरांचे ल आणि श जाणार. फाइलीच्या माथ्यावर तिच्या कर्त्यांनीच एक सूचना दिलेली असते. या फाइलीत बदल करू नका; तुमचे स्थानिक बदल शेजारच्या 'लोकल' नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवा, तेही वाचले जातील. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी हाताळली आहे, त्यांना हे लगेच उमजेल. १९१९मध्ये सुरू होऊन १९६६मध्ये पूर्ण झालेल्या त्या कामात पाठभेद नष्ट केलेले नाहीत. स्वीकृत संहिता वर, भेद खाली तळटिपांत, मोठे प्रक्षेप परिशिष्टांत. आणि ज्या पाठाविषयी संपादकांनाच पुरती खात्री नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ. मी नवी प्रत घेतली आणि सरांच्या सात-आठ ओळी, त्यांच्या टिपेसह, 'लोकल' फाइलीत उतरवल्या. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर पहिली ओवी उघडली. ल मराठी होता, श मराठी होता.

उरला प्रश्न क्रमाचा. नव्या आवृत्तीवर सूची पुन्हा अकारविल्हे लावली आणि आधी उतरवून ठेवलेल्या यादीशी यंत्राकरवीच ताडून पाहिली. दोन फाइली अगदी सारख्या असल्या की तुलना करणारी आज्ञा काहीही न छापता परत येते. पडदा कोराच राहिला. या खेपेस एकही शब्द जागचा हलला नव्हता. सरांची भीती निराधार होती असे यावरून म्हणता येणार नाही. २०२१मध्ये ती साधार होती, त्यांच्या तांबड्या खुणा त्याची साक्ष आहेत. पुढच्या आवृत्तीत ती पुन्हा साधार ठरू शकेल, म्हणून तुलनेची ती यादी आता सूचीशेजारीच ठेवली आहे.

विद्यार्थ्यांना मी हे सांगितले तेव्हा एकाने विचारले, "मॅडम, एवढं सगळं आपोआपच झालं असतं तर बरं नसतं का?" बरे झाले असते, यात शंका नाही. बहुतेकांच्या बहुतेक यंत्रांवर ते आपोआप व्हावे. सुरक्षेच्या दृष्टीनेही तेच योग्य. माझा आग्रह एवढाच की, ज्या यंत्रावर दुसऱ्या कोणाचे काम अर्ध्यावर राहिले आहे, तिथे नवी आवृत्ती बसवणारा हा वाचकही असावा. वरून आलेले चांगले आहे म्हणून आधीच्याचे पुसू नये आणि आधीच्याचे आहे म्हणून वरून येणारे अडवू नये. दोहोंतील फरक पाहावा, त्यामागचे कारण शोधावे, आणि निर्णय घेतल्यावर तो कोणी, केव्हा व का घेतला हे एका ओळीत लिहून ठेवावे. सरांनी ते लिहिले नसते, तर त्यांचा 'नको' मला एक विसरलेला अडथळा वाटला असता.

ऑगस्टपासून स्कॅनर चालू आहे. दुसऱ्या वर्षाच्या चार विद्यार्थिनी वह्या चढवतात, दोघी 'ऱ्य' आणि 'ॲ' एकसारखे करतात. सूची सध्या 'माहेर' या शब्दापाशी आहे आणि तिथे ती बरेच दिवस राहील. जात्यावरच्या ओव्यांत हा शब्द किती वेळा येतो, हे वाचकांना सांगायला नको.